ओठांचं पथ्य

...आणि वर मलाच म्हणते, "रंग आत आहे, ताई. वर यायचाय!" आत आहे? आत म्हणजे कुठे गं बाई, पोटात? ओठ माझे, आरसा माझ्या हातात, आरशात बघतेय ती मी, आणि मला दिसतंय काय, तर उकडलेल्या कोंबडीचं कातडं! पांढरंफटक! आणि ही दिएम आपली हातमोजे काढत, च्युइंगगम चघळत, देवळातल्या भिक्षुणीसारख्या शांत आवाजात मला सांगतेय की रंग आहे हो, गेला कुठे नाही, पण आत आहे... म्हणजे जत्रेत पोर हरवलं आणि पोलिसानं म्हणावं, "आहे हो आहे, गर्दीतच आहे!"

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, थोआबाई चपला विकता विकता डोक्यावर पडली. आमच्या नाम दिन्ह शहरातल्या बाजारात मधल्या रांगेत चपलांचा गाळा आहे ना, निळ्या ताडपत्रीचा, तो माझा. आणि या सगळ्याला कारण कोण, तर एक फोटो. आमची येन, माझी एकुलती एक लेक, अठ्ठावीस वर्षांची, तिचं आणि त्या खांगचं सहा वर्षं चाललंय. सहा! एवढ्यात लोकांची दोन पोरं शाळेत जातात. बरं, मुलगा चांगला, कमावता, माझ्यासमोर मान खाली घालून बसणारा, मग अडतंय कुठे? तर अडतंय त्याच्या आजीपाशी. त्या घरात आजीच्या शब्दाशिवाय मांजरसुद्धा कूस बदलत नाही. आजींनी ज्योतिष्याला विचारलं, तर म्हणे मुलीला हे वर्ष वाईट. पुढचं वर्ष? ते मुलाला वाईट. म्हणजे आणखी दोन वर्षं थांबा! येननं दोन दिवस उशीत तोंड खुपसून रडून काढले आणि माझा जीव नुसता तीळ तीळ तुटला.

त्यात खांगनं आजीला दाखवला आमचा फोटो. घरचा, साधा, मी, हे आणि येन. आजींनी म्हणे फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "मुलगी छान आहे. बाप झोपलेला दिसतोय. पण आईला बरं नाही का? ओठ किती काळे!"

आता झालं! अहो, माझे ओठ जन्मापासून असेच आहेत, जांभूळ खाल्ल्यासारखे. माझ्या आईचे तसेच होते, ती ऐंशी वर्षं जगली आणि मरायच्या आदल्या दिवशी शेजारणीशी भांडली. पण हे सांगणार कोणाला? आधीच पंचांगाची खोट, त्यात आईच्या तब्येतीची भर पडली तर दोन वर्षांची चार व्हायची. आमच्या ह्यांना विचारलं, "माझे ओठ खरंच काळे आहेत का हो?" तर हे म्हणतात, "इतक्या वर्षांत मला तरी काही जाणवलं नाही." जाणवेल कसं? इतकी वर्षं हे बुद्धिबळाच्या पटात आणि चहाच्या पेल्यात बघतायत, माझ्याकडे बघितलं कधी!

म्हणून गेले दिएमकडे, ती सुईनं ओठांत कायमचा रंग भरते. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान, आमच्या रांगेतल्या निम्म्या बायका तिथून ओठ करून आल्यात. मासेवाली करून आली, नारळवाली करून आली, ती पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू विकणारी म्हातारी, तीसुद्धा करून आली! मग मीच काय घोडं मारलं होतं? दिएम म्हणाली, "ताई, तुमचे ओठ गडद आहेत, आधी नारिंगी घालून काळेपणा मारावा लागेल, त्यावर पीचचा रंग. महिन्यानं स्वतःला ओळखणार नाही तुम्ही." म्हटलं, घाल बाई, जे घालायचं ते घाल, महिन्यानं खांगच्या घरची माणसं यायचीत, निदान बोलणी तरी करून ठेवायला, तोवर मला निरोगी दिसायचंय.

सुई कशी लागते ते सांगत नाही, जेवायची वेळ आहे तुमची. एवढंच सांगते, आधी मलम लावून ओठ बधिर करतात आणि मग आपण बोलतोय की ओठ बोलतायत तेच कळत नाही. घरी आले तेव्हा ओठ हे एवढे! आणि रंग? पीच? कसला पीच! वीटभट्टीतून काढलेली वीट! ह्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?"

दिएमला फोन केला. "रंग आधी गडद दिसणारच ताई, घाबरू नका, तो जाईल." गेला! तो इतका गेला, इतका गेला की बस! आधी सूज उतरली, मग खपल्या धरल्या, मग खपल्या निघायला लागल्या, आणि त्या ओढायच्या नाहीत, बरं का! ओढलं की रंग त्याच्याबरोबर जातो. मी चपला दाखवताना हात मागे बांधून उभी राहायची, गिऱ्हाईक म्हणायचं, थोआबाईंना आज कसला एवढा रुबाब आलाय! आणि त्यात ते पथ्य! कोंबडी नाही, अंगाला खाज सुटते. अंडं नाही, डाग पडतो. बीफ नाही, ओठ काळे पडतात. कोळंबी नाही. चिकट भात नाही, पू होतो. तळ्यातली कलमीची भाजी नाही, व्रण राहतो. "मग खायचं काय गं?" "अननसाचा रस प्या ताई, भरपूर. त्यानं रंग वर येतो." तोही नळीनं! मी इतका अननस प्यायले, इतका प्यायले, की माझ्या घामाला अननसाचा वास यायला लागला आणि गाळ्यावर मुंग्या फिरायला लागल्या.

आणि एके दिवशी सकाळी शेवटची खपली पडली, आरशात बघते तर... कोंबडीचं कातडं. रंगच नाही! जुना जांभळाचाही नाही, नवा पीचचाही नाही! तेलही गेलं, तूपही गेलं. धावत गेले दिएमकडे, तेव्हाचं ते सांगत होते मी मघाशी, "रंग आत आहे, ताई. वर यायचाय." म्हणे सगळ्यांचंच असं होतं, खपल्या पडल्या की ओठ फिके दिसतात, मग हळूहळू, हळूहळू, रोज थोडा थोडा रंग आतून वर येतो. म्हटलं, किती हळूहळू? म्हणाली, "महिना धरा."

धरला असता हो महिना! पण त्याच दिवशी संध्याकाळी खांगच्या घरून निरोप. आजींच्या ज्योतिष्यानं दिवस बदलला, पुढचा रविवार बोलणी करायला एकदम उत्तम, तेव्हा आम्ही रविवारीच येतो! आता आजींनी काढलेल्या दिवसाला नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा?

मी आरशासमोर उभी राहून ओठांना म्हटलं, या रे बाबांनो वर, काय असेल ते लवकर या! लिपस्टिक लावू म्हटलं तर दिएम फोनवर किंचाळली, "लिपस्टिक अजिबात नाही! सगळं वाया जाईल!" ह्यांना दम भरला, "हे बघा, माझ्या ओठांबद्दल कोणासमोर चकार शब्द काढायचा नाही. आजी काळे म्हणाल्या म्हणून बाई ओठ रंगवून बसली, असं व्हायला नको." हे म्हणाले, "मी कशाला बोलतोय?" आणि खरंच, तुम्हाला सांगते, हा माणूस कधी बोलत नाही, आणि बोलला की घर पाडतो.

रविवार उजाडला. पहाटेपासून मी एकटी राबतेय. दोन कोंबड्या उकडल्या, कोळंबी परतली, बीफ केलं, लाल चिकट भात वाफवला, सगळं माझ्या पथ्यातलं! वासानं जीव कासावीस आणि पोटात नुसता अननस. मंडळी आली. खांगचे वडील, काका, खांग, विहीणबाई... म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाई, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, आणि पालखीतून उतरल्यासारख्या टॅक्सीतून उतरलेल्या आजी. तपकिरी मखमलीचा पायघोळ आओ झाय अंगावर, जुन्या रीतीनं रंगवलेले दात काळेभोर, तोंडात विडा. विड्यांचं तबक पुढे आलं, चहा झाला, आजींनी माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. फोटोत काळे ओठ, प्रत्यक्षात पांढरे!

जेवायला बसलो. आजींनी काड्यांनी कोंबडीची तंगडी उचलली आणि स्वतःच्या हातानं माझ्या वाडग्यात घातली. आता वडीलधाऱ्या माणसानं वाढलेलं नाकारायचं म्हणजे तोंडावर थप्पड मारल्यासारखंच की! मी काय केलं, हळूच ती ह्यांच्या वाडग्यात सरकवली. आजींनी कोळंबी घातली. मी ह्यांच्या वाडग्यात. लाल भात घातला. ह्यांच्या वाडग्यात. ह्यांचं आपलं खाली मान घालून चाललंय, त्यांना वाटलं बायकोला आज प्रेमाचं भरतं आलंय!

आजी म्हणाल्या, "अगं, तू काहीच घेत नाहीस?"

"नको आजी. मला पथ्य आहे."

"पथ्य? कसलं?"

आता काय सांगू? समोर पुरुष मंडळी बसलेली. म्हटलं, "आहे असंच... बायकांचं."

बायकांचं! काय म्हणून माझ्या तोंडून तो शब्द गेला! आजींनी काड्या खाली ठेवल्या. "आणि मग किती दिवसांचं आहे हे?"

मी आपली भाबडेपणानं, हसत, त्या पांढऱ्या ओठांनी म्हणते, "आता महिनाभरच हो आजी. मग सुटले!"

तुम्हाला सांगते, आजींचा विडाच तोंडात थांबला. माझा हात दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, बघा, किती प्रेमळ बाई, माझ्या उपवासाची केवढी काळजी! विहीणबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या, बघत होत्या, आणि एकदम रुमाल तोंडाला लावून मोरीकडे पळाल्या. म्हटलं, कोळंबी बाधली की काय!

आणि तिकडे ओटीवर आमचे हे! जेवणं झाल्यावर खांगच्या वडिलांबरोबर हुक्का ओढत बसलेले. ते हळूच विचारतात, "काय हो, वहिनींचं कसं काय आहे?" आता मी दम भरलेला, ओठांचं नाव काढायचं नाही. हे इकडे तिकडे बघून म्हणतात, "आत आहे म्हणतात. अजून वर आलेलं नाही."

"अरेरे! पसरलंय का?"

"हो, सगळीकडे सारखं पसरलंय. ती बाई म्हणाली, उत्तम पसरलंय."

"मग... उपाय?"

"अननस," म्हणाले आमचे हे.

हे सगळं मला कधी कळलं? मंडळी गेल्यावर! भांडी घासताना हे मोठ्या अभिमानानं येऊन सांगतायत, "बघ, ओठांचा एक शब्द काढला नाही मी." माझ्या हातून पातेलं पडलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. आजी म्हणाल्या, वर्ष-बिर्ष राहू दे बाजूला, मरण दारात आलं की पंचांग मिटायचं. या महिनाअखेर लग्न!

म्हणजे काय ते कळलं ना तुम्हाला? आमच्याकडे घरात आई-बाप गेले की लग्नं थांबतात, वर्षानुवर्षं थांबतात, जुनी माणसं तर तीन-तीन वर्षं म्हणतात. म्हणून कोणी अंथरुणाला खिळलं की डोळे मिटायच्या आत लग्न उरकून घेतात. माझे डोळे मिटायच्या आत! मी इथे धडधाकट, हातात पायपुसणं, आणि तिकडे माझ्या मरणाच्या हिशेबानं मांडव ठरतोय!

मी म्हटलं, नाही, नाही, हे पाप आहे, मी आत्ता फोन करते आणि सांगते, मला काही झालेलं नाही, नुसते ओठ आहेत. आणि मागे वळून बघते तर येन. दारात उभी, ओठ दाताखाली धरलेला, डोळे हे एवढे मोठे. म्हणते, "आई, दोन वर्षं गं. परत दोन वर्षं. तू फक्त... जरा हळू चाल ना. महिनाअखेरपर्यंत."

काय करणार सांगा? पोटची पोर! सहा वर्षांत तिनं माझ्याकडे हट्ट म्हणून काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तर हे, की आई, तू मर. थोडीशीच. माझं काळीज विरघळलं. लाजही वाटली हो, खरं सांगते, त्या म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरून डोळे भरून आणले होते, ते मला रात्रंदिवस दिसायचं. पण लेकीचं हसू दिसलं की लाज जायची घरात आणि दार लावून बसायची. तेवढी एक भीती मात्र होती. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे गेले, उदबत्ती लावली आणि स्पष्ट सांगितलं, "सासूबाई, मामंजी, हे जे काही कानावर येतंय ते खरं नाही. मी येत नाहीये. उगाच माझी जागाबिगा झाडून ठेवू नका."

मग सुरू झालं माझं आजारपण. बातमी बाजारात यायला किती वेळ लागतो? मासेवाली डोळे पुसत आली, हातात दुधाचे डबे. नारळवाली संत्री घेऊन आली. जी बाई वीस वर्षं माझ्या गाळ्यासमोर तिच्या टोपल्या मांडून माझी वाट अडवायची, तिनं टोपल्या मागे घेतल्या आणि म्हणाली, "थोआ, झालं गेलं विसर." मी म्हटलं, तू टोपल्या मागे घ्यायला मला मरावं लागलं होय गं! आणि विहीणबाई तर दर दोन दिवसांनी स्कूटरवरून यायच्या, सूप आणायच्या, जिनसेंग आणायच्या, माझ्या तोंडाकडे निरखून बघायच्या आणि म्हणायच्या, "हं. अजून फिकंच आहे. छान... म्हणजे, अरेरे!"

आणि आता ऐका माझं नशीब. नेमका तेव्हाच रंग वर यायला लागला!

इतके दिवस मी डोळ्यांत तेल घालून त्याची वाट बघत होते. आला नाही. आता नको होता, तर पठ्ठ्या रोज सकाळी मूठभर वर! आधी मधोमध गुलाबी छटा, मग कडेला, मग असा काही सुरेख पीच उमलला, तुम्हाला सांगते, पंचविशीत नव्हते माझे ओठ असे! पळत गेले दिएमकडे. ती टाळ्या वाजवायला लागली. "बघा! मी म्हटलं नव्हतं, रंग आत आहे, ताई!"

"अगं, मग तो परत आत पाठव ना!"

"काय?"

"आत पाठव! महिनाअखेरपर्यंत! काय खायचं, काय प्यायचं ते सांग!"

दिएमचं च्युइंगगम थांबलं. म्हणाली, "ताई, वर आणायला अननस असतो. खाली पाठवायचं मला आजवर कोणी विचारलंच नाही."

मग काय, अननस बंद. पथ्यातलं सगळं खायला लागले, चोरून! दार लावून कोंबडी, दार लावून कलमी, म्हटलं येऊ देत डाग, येऊ दे व्रण. काही नाही! ओठ आपले ताजे टवटवीत, वर कोंबडीनं गालांवरही लाली आली! मरणारी बाई आणि वजन वाढतंय! गाळ्यावर मास्क लावून बसायची. विहीणबाई आल्या की मास्क लावून खोकायची. ह्यांनी सुचवलं, "खोकू नकोस, तुला छातीचं नाहीये, तुझं पसरलेलं आहे." आजार माझा आणि पथ्यपाणी ह्यांच्या डोक्यात!

लग्नाचा दिवस. आता लग्नात मुलीची आई मास्क लावून कशी बसेल? मी ओठांवर तांदळाची पावडर थापली, जाड थर, आरशात बघितलं, म्हटलं उत्तम, पक्की मरायला टेकलेय. मांडवात खुर्चीत बसवलं मला, पायावर शाल, उकाडा हा असा, आणि मी शालीखाली घामाघूम. लोक येतायत, हात दाबतायत, "धीर धरा" म्हणतायत. वराकडची मंडळी तबकं घेऊन रांगेत आली, येन लाल आओ झायमध्ये बाहेर आली... आणि हो, तुम्हाला खरं सांगते, तिला बघितलं आणि मी सगळं विसरले. आजार विसरले, आजी विसरले, पावडर विसरले. धावत गेले, शाल तिकडे, खुर्ची इकडे, आणि पोरीला मिठी मारून ढसाढसा रडले. ती रडली. तिनं रुमालानं माझं तोंड पुसलं. सगळं. डोळे, गाल... आणि ओठ.

मी मान वर केली, समोर आजी.

आजी जवळ आल्या, माझी हनुवटी धरली, माझं तोंड उजेडाकडे वळवलं. माझी तर पाचावर धारण. म्हटलं, संपलं! वरात इथूनच परत जाणार, आणि माझी पोर लाल कपड्यांत रडत बसणार माझ्या ओठांपायी!

आजींनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. आणि एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या, "बघा रे बघा! सुनेनं अजून उंबरा ओलांडला नाही आणि विहीण मरणाच्या दारातून माघारी आली! ओठांवर रंग चढला! काय पायगुण आहे पोरीचा!"

आणि मग काय विचारता! फटाके, टाळ्या, माझ्या तोंडात चिकट भाताचे घास कोंबतायत, मासेवाली रडतेय, खांगचे वडील आमच्या ह्यांना मिठी मारून म्हणतायत, "अननस! शेवटी अननसानंच केलं!" सोन्याच्या पावलांची सून मिळाली त्यांना. येनला आता त्या घरात कोणी इकडची काडी तिकडे करू देत नाही. आजारी माणसं येतात म्हणे तिच्या हातचा चहा प्यायला.

आणि मी? एवढ्या सुया टोचून घेतल्या, एवढा अननस प्यायले, पण एका माणसानं, एका जरी माणसानं म्हणावं ना, थोआबाई, ओठ काय सुरेख दिसतात! नाही! जो तो म्हणतो, "तब्येत सुधारली हो!" आणि मला बोलायची सोय नाही. डाव्या कोपऱ्यात कणभर रंग कमी बसलाय, दिएम म्हणते पुन्हा एकदा सुई मारून भरून काढू. म्हटलं, नको गं बाई, पुन्हा पांढरे झाले तर लोक म्हणतील आजार उलटला, आणि माझ्या पोरीचा पायगुण जाईल! राहू दे तो कोपरा.

आता परवाची गोष्ट. गाळ्यावर बसलेय, तर विहीणबाई. दोन चपला उलट्यासुलट्या केल्या, इकडे तिकडे बघितलं, स्टूल माझ्याजवळ ओढलं आणि कानाशी येऊन विचारतात, "ताई, खरं सांगा. दिएमकडेच ना?"

मी आपली चपला रचायला लागले. "क... कोण दिएम?"

"अहो, मीही तिच्याकडचीच! दोन वर्षांपूर्वी केले. मलाही तिनं तेच सांगितलं होतं, रंग आत आहे, ताई! बोलणीच्या त्या रविवारी तुमचे ओठ बघितले आणि कळलंच मला, खपल्या नुकत्या पडल्यात. हसू आवरेना, मोरीत जाऊन नळ सोडून हसले."

"आणि तुम्ही बोलला नाहीत? मला महिनाभर मरू दिलंत?"

"बोलून काय, सासूबाईंचं पंचांग मिटलं असतं? उलट रात्री मीच त्यांच्या उशाशी बसून म्हटलं, लक्षण काही ठीक नाही हो, महिना काढते की नाही देव जाणे!"

आणि मी या बाईसमोर खोकत होते, हो!

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. पण स्टूल आणखी पुढे ओढलं आणि म्हणतात कशा, "आता बघा, आमच्या धाकट्याचंही अडलंय. मुलगी सोन्यासारखी, आणि सासूबाई म्हणतात, तिचंही वर्ष वाईट. तर माझा रंग तसाही फिका झालाय, करून घ्यायचाच होता पुन्हा. पुढच्या आठवड्यात जाते दिएमकडे. या वेळी मरायची पाळी माझी. तुम्ही फक्त दोनदा येऊन रडून जा."

आता काय म्हणणार, सांगा? मुलगी दिलीय त्या घरात. जाईन, रडून येईन.